एका रकान्यापायी अडलेली मेतोदिच्का

अल्माटीतल्या एका भाषा केंद्रात मी रशियन बोलणाऱ्या प्रौढांना इंग्रजी शिकवते. शिक्षकाने वर्गासाठी लिहिलेलं काहीही तिथे आधी मेतोदिस्तकडे, म्हणजे अभ्यासक्रम तपासणाऱ्या बाईंकडे जातं. त्यांची सही झाली तरच ती मेतोदिच्का, म्हणजे वर्गात वापरायची मंजूर पुस्तिका, नाहीतर नुसते कागद. इंग्रजी वाक्प्रचारांची माझी पुस्तिका भराभर लिहून झाली. स्वाध्याय, चित्रं, छपाईचा खर्च, सगळं बिनबोभाट पार पडलं. अडलं ते एका रकान्यावर, आणि त्याची चीड अजून गेलेली नाही.

तक्त्याचे रकाने ठरलेले होते: वाक्प्रचार, अर्थ, रशियन पर्याय. तिसरा रिकामा ठेवायचा नाही, असा दंडक. बऱ्याच ठिकाणी अडचण आली नाही. इंग्रज आपल्यासारखेच एका दगडात दोन पक्षी मारतात, रशियन माणूस एका गोळीत दोन ससे मारतो. चिनीमातीच्या भांड्यांच्या दुकानात इंग्रजीत बैल घुसतो, रशियनमध्ये हत्ती. ‘न्यूकॅसलला कोळसा नेणं’ याला ‘आपला समोवार घेऊन तूलाला जाणं’ ही जोडी तर इतकी चपखल, की लिहितानाच आनंद झाला. एक गाव कोळशाचं, दुसरं समोवारांचं, म्हणजे चहाचं पाणी उकळायच्या रशियन भांड्यांचं.

पण ‘लेट द कॅट आउट ऑफ द बॅग’पुढे मी रेघ मारली आणि फाइल परत आली. तिथे बाईंनी स्वतःच ‘कोत व मेश्के’ भरलं होतं, म्हणजे पोत्यातलं मांजर. मांजर दोन्हीकडे असलं तरी अर्थाचा काही संबंध नाही. रशियनमधलं हे मांजर म्हणजे न पाहता घेतलेली वस्तू. इंग्रजीत पिशवीतून मांजर बाहेर आलं, की गुपित फुटलं. न पाहता केलेल्या खरेदीला इंग्रजीत ‘पिग इन अ पोक’ म्हणतात, तिथे डुक्कर आहे. हे सगळं मी सविस्तर लिहून पाठवलं. उत्तर नाही. भेटायला गेले, तर ‘बघू’. पुन्हा गेले, तर ‘रकाना भरा’. दरम्यान नवा वर्ग सुरू झाला आणि मी फळ्यावर लिहून शिकवत राहिले.

‘ब्लॅक शीप’चंही तेच. पर्याय म्हणून ‘पांढरा कावळा’ सुचवला गेला. रशियनमध्ये तो चारचौघांत वेगळा उठून दिसणारा माणूस, त्यात बदनामी असेलच असं नाही. ‘ब्लॅक शीप’ मात्र घराण्याला खाली पाहायला लावणारा. कुणी कौतुकाने आपल्या मुलीला तसं म्हणालं, तर काय अनर्थ होईल! ‘ब्रेक अ लेग’, म्हणजे ‘यश मिळो’, याला रशियन ‘नी पुखा नी पेरा’ अर्थाने बरोबर आहे, पण त्या शुभेच्छेला रशियन माणूस ‘क चोर्तु’, म्हणजे ‘सैतानाकडे जा’, असं उत्तर देतो. तशी रीतच आहे. इंग्रजीत मात्र नुसतं ‘थँक्स’ म्हणायचं, हे त्या रकान्यात कुठे मावणार?

शेवटी काम झालं ते एका वहीमुळे. माझी एक विद्यार्थिनी दातांची डॉक्टर आहे. गृहपाठात तिने लिहिलं होतं, ‘माय हजबंड लेट द कॅट आउट ऑफ द बॅग, द इंजिन इज डेड.’ नवऱ्याने न तपासता जुनी गाडी घेतली होती, एवढंच तिला सांगायचं होतं. ती वही मी बाईंच्या टेबलावर उघडून ठेवली. त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं, पेन्सिल उचलली, आपलंच ‘कोत व मेश्के’ खोडलं आणि चौथा रकाना मंजूर केला: ‘कधी म्हणायचं’. त्या रकान्याचा मला आजही अभिमान वाटतो. तुम्ही असं काही मंजुरीला नेणार असाल, तर युक्तिवादाच्या आधी विद्यार्थ्यांच्या वह्या न्या.

हो, ‘इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ पहिल्या पानावर घेऊ नका. ते त्यांना शाळेपासून पाठ असतं, पण आजच्या रोजच्या बोलण्यात फारसं ऐकू येत नाही. ‘इट्स पोअरिंग’ शिकवा.

आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेला बसणारे तर याद्याच पाठ करतात, कारण तिच्यातल्या बोलण्याच्या परीक्षेत 7 बँडच्या, म्हणजे 7 गुणांच्या श्रेणीच्या, निकषांत वाक्प्रचारांचा उल्लेख आहे. ती बोलण्याची परीक्षा जेमतेम 11 ते 14 मिनिटांची. त्यात एखाद-दुसरा वाक्प्रचार नेमका बसला, तर शोभतो. ओढूनताणून आणलेला लगेच कळतो.

आणि ‘अ’, ‘द’ या इंग्रजी उपपदांकडे पहिल्या दिवसापासून लक्ष द्या. मराठीसारखीच रशियनमध्येही ही भानगड नाही, त्यामुळे ती गाळून ‘इट्स पीस ऑफ केक’, ‘आय अॅम अंडर वेदर’ असं सर्रास ऐकू येतं. मी वाक्प्रचार सुटा शिकवतच नाही, अख्खं वाक्य मोठ्याने म्हणून घेते. चौथ्या रकान्यातही आता अख्खी वाक्यंच आहेत.