तुम्ही विचारलंत म्हणून: फ्रेडी पाचगणीत गायचा का?

आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. टेबललँड बघून, स्ट्रॉबेरी खाऊन माणसं संध्याकाळी अंगणात टेकली, की कोणीतरी विचारतंच, "काकू, तो क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी इथलाच ना? इथेच गायला लागला ना तो?"

क्वीन हा इंग्लंडचा गाजलेला रॉक बँड, फ्रेडी त्याचा गायक. इथे तो शिकला, हे खरं. सेंट पीटर्स शाळेत, वसतिगृहात राहून. पण इथल्या बँडमध्ये तो गायक नव्हता. पियानो वाजवायचा. पुढे उभं राहून गाणारा मुलगा दुसराच होता.

हे ऐकून पाहुण्यांचे चेहरे जरा पडतात. मला मात्र त्याच्या सगळ्या आयुष्यातली हीच गोष्ट सर्वांत जवळची वाटते. मी वीस वर्षं भजनी मंडळात पेटीवर बसते. साथीला बसणाऱ्याला गाणं वेगळंच ऐकू येतं. गाणाऱ्याचा श्वास कुठे पुरणार नाही, तो सम कुठे चुकवेल, समोरची माणसं कुठल्या ओळीला मान वर करतात, हे सगळं मागे बसून दिसतं. पुढच्याला ते दिसत नाही, तो आपल्याच सुरात असतो.

फ्रेडीचं खरं नाव फारोख बलसारा. 5 सप्टेंबर 1946ला झांझिबारला, म्हणजे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या बेटावर जन्मला. घराणं पारशी, मूळ बलसाडचं, म्हणजे आताचं वलसाड. वडील झांझिबारला ब्रिटिशांच्या सरकारी नोकरीत. आठ वर्षांच्या पोराला त्यांनी शिकायला समुद्रापलीकडे पाठवलं. बोटीने मुंबई, तिथून वाईवरून पसरणीचा घाट चढून इथे. आई-वडील इतके लांब, की छोट्या सुट्टीत घरी जाणं नाहीच. सुट्टी मुंबईत नातेवाइकांकडे. तो घाट मी रोज बघते आणि त्या वयाच्या मुलाला गाडीत बसवून पाठवणाऱ्या आईचं काय झालं असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

'फ्रेडी' हे नाव त्याला शाळेतल्या मुलांनीच दिलं. दुसरं नाव होतं 'बकी', पुढे आलेल्या दातांवरून. त्याच्या जबड्यात चार दात जास्तीचे होते. पुढे पैसा आला, नाव झालं, तरी त्याने ते दात काढून घेतले नाहीत. आवाज बदलेल ही भीती. ज्या दातांवरून पोरं चिडवायची तेच त्याने गळ्यासाठी जपले.

पियानोची शिकवणी शाळेतच लागली. रेडिओवर एकदा ऐकलेलं गाणं तो बसल्या बसल्या वाजवून दाखवायचा, असं त्याचे वर्गमित्र सांगत आले आहेत. 1958च्या सुमाराला पाच मुलांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. एल्व्हिस, क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी ते शाळेच्या कार्यक्रमांत वाजवायचे, आणि बारा-तेरा वर्षांचा फारोख पियानोपाशी.

1963च्या आसपास तो झांझिबारला परतला. जानेवारी 1964मध्ये तिथे क्रांती झाली आणि कुटुंबाला जीव घेऊन निघावं लागलं. लंडनजवळच्या फेल्टममध्ये त्यांनी नवा संसार मांडला. फ्रेडी ईलिंगच्या कला महाविद्यालयात ग्राफिक डिझाइन शिकला, हीथ्रो विमानतळावर सामान उचललं, केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुने कपडे विकले. आणि तिथेही तो आधी ऐकतच होता. ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांचा 'स्माइल' नावाचा बँड होता. त्यांच्या कार्यक्रमांना जायचा आणि कसं उभं राहायला हवं, कसं दिसायला हवं, हे त्यांना सांगत राहायचा. 1969मध्ये त्याने दुसऱ्या एका बँडमध्ये गायला सुरुवात केली होती. 1970मध्ये स्माइलचा गायक निघून गेला आणि ती जागा याने घेतली. क्वीन हे नाव त्याचंच. मर्क्युरी हे आडनावही त्याने स्वतःच घेतलं. पुढच्या वर्षी जॉन डीकन आला आणि चौघं पुरे झाले.

गळ्याची तालीम त्याची झालेली नव्हती. जे होतं ते कानात. 1975चं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' ऐका. पाच मिनिटं पंचावन्न सेकंद, कुठेही ध्रुपद नाही, मधे ऑपेरासारखा अख्खा जमाव गातो. तो जमाव म्हणजे फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर, तीनच गळे. पुन्हा पुन्हा गाऊन थरावर थर चढवलेले. एवढं लांब गाणं रेडिओवर लागणार नाही म्हणत होते, ते ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. नुसत्या गाणाऱ्याच्या डोक्यातून असं गाणं निघत नाही, असं मला मनापासून वाटतं. त्यात साथीदार बसलेला आहे. कुठला आवाज वर, कुठला खाली, कुणी कधी थांबायचं, हे आधीच ऐकून ठेवणारा.

शेवटच्या वर्षांबद्दल लोक फार विचारतात. 1987मध्ये त्याला एचआयव्ही असल्याचं कळलं. त्यानंतरही तो स्टुडिओत गात राहिला, चालणं जड झालं तेव्हासुद्धा. एड्स झाल्याचं त्याने 23 नोव्हेंबर 1991ला जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला, पंचेचाळीसाव्या वर्षी. अंत्यविधी लंडनलाच पारशी धर्मगुरूंनी केला. आपल्या लहानपणाबद्दल तो फारसं बोलत नसे, म्हणून त्याने पाचगणी लपवली असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. आठव्या वर्षी घर सुटलेल्या माणसाने ती वर्षं चारचौघांत मांडली नाहीत, तर त्याला लपवणं कशाला म्हणायचं?

कोणाला वेळ असेल तर मी त्यांना घरात बोलावते आणि 13 जुलै 1985चं चित्रण लावते. लंडनचं वेम्ब्ली स्टेडियम, दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठीचा 'लाइव्ह एड' हा कार्यक्रम, समोर बहात्तर हजारांच्या आसपास माणसं, क्वीनला मिळालेली वीस-एक मिनिटं. फ्रेडी धावत येतो, आणि येऊन बसतो कुठे? पियानोवर. पहिलं गाणं बसूनच. मी पाहुण्यांना सांगते, आत्ता चेहऱ्याकडे नको, बोटांकडे बघा. मग ते गाणं मधेच सोडून तो उठतो, त्याचा तो अर्धा तुटका माइकचा दांडा हातात घेतो आणि चालत पुढे येतो.