क्रोम ११५ आलं तो बुधवार

पहिला मेसेज सव्वानऊला आला. "ताई, आमची बिल्ड फेल झालीय. कालपासून आम्ही एक ओळसुद्धा बदललेली नाही." बिल्ड म्हणजे कोडपासून वेबसाइट तयार करून तपासायची, आपोआप चालणारी प्रक्रिया. मी हिंजवडीच्या वाटेवर पावसात अडकले होते. ऑफिसात पोचेपर्यंत तसेच अकरा मेसेज आले होते, वेगवेगळ्या टीमचे. तारीख १९ जुलै २०२३.

आमची टीम पाच जणांची. कंपनीतल्या बाकीच्या टीम वेबसाइट बनवतात आणि आम्ही त्यांच्यासाठी टेस्टिंगचं टूलकिट बनवतो. ब्राउझर आपोआप उघडायचा, लॉगिन करायचं, फॉर्म भरायचा, आलेलं उत्तर बरोबर आहे का ते तपासायचं. क्रोमच्या बाबतीत हे सगळं क्रोमड्रायव्हर नावाच्या छोट्या प्रोग्रामच्या हातून होतं. ड्रायव्हर आणि क्रोम यांचा मुख्य आवृत्ती क्रमांक जुळावा लागतो. नाही जुळला तर 'सेशन नॉट क्रिएटेड' म्हणून ड्रायव्हर तिथेच थांबतो.

सोमवारीच आम्ही टूलकिटची नवी आवृत्ती दिली होती, त्यामुळे संशय आमच्यावरच आला. मलाही तसंच वाटलं. आम्ही आवृत्ती मागे घेतली, बिल्ड परत चालवली, परत फेल. मग सोमवारचा एकेक बदल काढून बघत बसलो. दोन तास त्यात गेले आणि त्या दोन तासांची मला आजही हळहळ वाटते, कारण त्याच रात्री अकराला एका टीमचा रिलीज होता. विम्याचे हप्ते भरायचं पोर्टल होतं. टेस्ट पास झाल्याशिवाय ते पुढे जाणार नव्हतं.

सुगावा लागला तो सहा महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या मुलाला. लॉगमध्ये, म्हणजे बिल्डच्या नोंदींत, ड्रायव्हरची झिप फाइल उलगडताना एरर येत होती, 'एन्ड ऑफ सेंट्रल डिरेक्टरी सिग्नेचर नॉट फाउंड'. ती आम्ही सगळ्यांनी वाचली होती आणि नेटवर्कची अडचण असेल म्हणून सोडून दिली होती. त्याने ती झिप फाइल साध्या एडिटरमध्ये उघडली. "ताई, ही झिप नाहीच. आत नुसता मजकूर आहे." दोन ओळींचं एक्सएमएल होतं, त्यात 'नो सच की'. म्हणजे आपण मागतोय ती फाइल तिथे नाहीच.

मग सगळं उलगडलं. आमची डॉकर इमेज, म्हणजे टेस्टला लागणारं सगळं सॉफ्टवेअर भरलेला तयार साचा, रोज पहाटे तीनला नव्याने बनायची आणि त्या दिवशीची ताजी क्रोम उचलायची. मंगळवारी अमेरिकेत क्रोम ११५ स्टेबल, म्हणजे सगळ्यांसाठी खुलं, झालं होतं आणि पहाटे आमच्या इमेजमध्ये येऊन बसलं होतं. टूलकिटची स्क्रिप्ट क्रोमच्या क्रमांकाचा शेवटचा तुकडा काढायची, उरलेले तीन आकडे 'लेटेस्ट रिलीज'पुढे जोडायची आणि ड्रायव्हरच्या जुन्या साठ्यात ते नाव शोधायची. ११४पर्यंत ते चाललं. ११५पासून ड्रायव्हर 'क्रोम फॉर टेस्टिंग'च्या, म्हणजे टेस्टिंगसाठीच्या खास क्रोमच्या, नव्या जागी ठेवले जाऊ लागले, त्यांची यादी जेसन फाइलमध्ये, म्हणजे प्रोग्रामला वाचता येईल अशा ठरावीक मांडणीच्या मजकुरात. हे आधीच जाहीर झालेलं होतं. ते वाचणं आमचं काम होतं आणि आमच्यातल्या एकानेही ते वाचलं नव्हतं. त्यात स्क्रिप्ट उत्तर तपासायचीच नाही. एररचा मजकूर आला तर तोच आवृत्ती क्रमांक समजून पुढे जायची.

आधी रात्रीचा रिलीज वाचवायचा होता. आदल्या दिवशीची इमेज रजिस्ट्रीत, म्हणजे इमेजच्या साठ्यात, जपलेली होती, तिच्यात क्रोम ११४ होतं. सगळ्या पाइपलाइन, म्हणजे बिल्ड आणि टेस्ट ओळीने चालवणाऱ्या साखळ्या, तिच्यावर वळवल्या. दुपारी दीडपर्यंत टेस्ट पास व्हायला लागल्या आणि पोर्टलच्या टीमलीडचा फोन आला, "जेवून घ्या आता."

जेवण झाल्यावर खरं काम. स्क्रिप्ट जेसन वाचेल अशी केली. ड्रायव्हर नीट उतरला आणि तरी 'फाइल नॉट फाउंड'! जुन्या झिपमध्ये क्रोमड्रायव्हर वरच असायचा. नव्यात तो 'क्रोमड्रायव्हर-लिनक्स६४' या फोल्डरच्या आत आहे. एवढ्याशा फोल्डरने पाऊण तास खाल्ला. विंडोजवर फोल्डरचं नाव वेगळं, तेही सांभाळलं. सात वाजता टूलकिटची दुरुस्त आवृत्ती गेली. पोर्टल अकराला लाइव्ह झालं.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरसमोर दोन कॅलेंडर ठेवली. आमचं टूलकिट तीन महिन्यांनी एकदा निघायचं. क्रोमची नवी मुख्य आवृत्ती २०२१च्या सप्टेंबरपासून, म्हणजे ९४ पासून, चार आठवड्यांनी येत होती. फायरफॉक्स २०११मध्ये सहा आठवड्यांच्या चक्रावर आलं आणि २०२०पासून तेही चार आठवड्यांवर होतं. म्हणजे आमच्या दोन रिलीजच्या मधे ब्राउझर तीनदा बदलत होता आणि आम्ही दरवेळी नशिबावर निभावत होतो. मला हे मनापासून लागलं, कारण आमच्यावर विसंबलेली माणसं रात्री अकराला रिलीज करतात.

"दर महिन्याला रिलीज? पाच जणांत जमेल का?" मॅनेजरांचा प्रश्न रास्त होता. पण मोठा रिलीज मी मागतच नव्हते. क्रोमची आवृत्ती स्टेबलला येण्याआधी काही आठवडे बीटामध्ये, म्हणजे आधी वापरून बघायच्या रूपात, असते. बीटा आली की त्याच दिवशी टूलकिटच्या सगळ्या टेस्ट तिच्यावर चालवायच्या, जे मोडेल ते तेव्हाच दुरुस्त करायचं आणि स्टेबलच्या आठवडाभर आधी आपली आवृत्ती द्यायची. नवी फीचर्स तयार असतील तर जातील, नसतील तर पुढच्या खेपेला. टूलकिटचा पहिला आकडा क्रोमचाच ठेवायचा, म्हणजे कोणती कशाबरोबर चालते हे विचारायला कुणी फोन करणार नाही. ड्रायव्हरने हे ७३ पासूनच केलं आहे. आणि पहाटेची इमेज ताजी क्रोम आपोआप उचलणार नाही. आवृत्ती आम्ही लिहून देऊ, तीच येईल.

मॅनेजर म्हणाले, तीन महिने करून बघा.

११६ ची बीटा तेव्हा आलेलीच होती. तिच्यावर आमच्या दोन टेस्ट पडल्या, दोन्ही किरकोळ. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात टूलकिट ११६ सगळ्या टीमना गेलं. क्रोम ११६ स्टेबल झालं ते १५ ऑगस्टला. सुट्टी होती, मी सोसायटीच्या झेंडावंदनाला गेले होते, पण रात्री निजताना फोन उशाशीच ठेवला. १६ तारखेला सकाळी सव्वानऊला मेसेज आला, त्या मुलाचा. पाइपलाइनचा स्क्रीनशॉट होता, वरपासून खालपर्यंत हिरवा.