भिंत छान सरळ आलीय

१२ जुलै, रात्री

"भिंत छान सरळ आलीय हो," वहीतलं त्यांच्या वाड्याचं माझं चित्र बघून काकू म्हणाल्या आणि वही मिटून माझ्या हातात दिली. एवढंच. कौतुकच होतं ते. दुपारपासून डोक्यातून जात नाही.

कारण भिंत सरळ नाहीये. परवा गवंड्याने सज्ज्यातून ओळंबा (भिंत उभी आहे का ते बघायचा, दोऱ्याला बांधलेला गोळा) सोडला तेव्हा मी तिथेच उभी होते. दोरा आणि भिंत यांच्यात वर १० सेंटिमीटर, खाली जोत्यापाशी १४ आणि मध्यावर ६. म्हणजे वरचं टोक ४ सेंटिमीटर रस्त्याकडे आलंय आणि मध्ये आणखी ६ सेंटिमीटरचं पोट सुटलंय. हे आकडे मी माझ्याच वहीत लिहून घेतले, आणि त्याच्या आदल्या पानावर याच भिंतीची कड पट्टीने ओढलेली!

चूक कुठे झाली ते आता सापडतंय. या गल्लीत समोरून फोटो निघत नाही. समोरच्या भिंतीला पाठ टेकवली तरी जेमतेम ३ मीटर मिळतात. २४ मिमीची लेन्स लावून कॅमेरा उभा धरला तर त्यात साडेचार मीटर उंची मावते, आणि कॅमेरा समतल ठेवला तर डोळ्यांच्या वर फक्त सव्वादोन. सज्जाच कापला जातो. म्हणून वळणावरून, तिरक्यात, कॅमेरा थोडा वर उचलून. वर उचलला की उभ्या रेघा वर जाताना एकमेकींकडे झुकतात, त्या घरी येऊन सॉफ्टवेअरमध्ये सरळ करायच्या: फोटोतल्या दोन उभ्या रेघा दाखवायच्या, बाकी ते करतं. मी दाखवलेल्या दोनांपैकी एक नेमकी ही कड. त्याला सांगितलं ही उभी आहे, त्याने ती उभी केली. झोक गेला. पोट उरलं होतं, ते मी लेन्सच्या नावावर घातलं. रुंद लेन्स फ्रेमच्या कडेला रेघा फुगवते, हे पाठ आहे ना! मग पट्टी घेतली.

माझ्या कागदावर ती ६ मीटरची भिंत २० सेंटिमीटरची झालीय. म्हणजे ते पोट होतं २ मिलिमीटर. ०.३च्या पेनाच्या सहा-सात रेघा शेजारीशेजारी ओढल्या की संपलं. एवढ्याशा जागेसाठी इतकं काय, असं स्वतःला चारदा विचारून झालं. उत्तर तेच येतं, की त्या २ मिलिमीटरसाठीच तर तिथे बसले होते. नाहीतर जाळीदार सज्जे आणि महिरपी काय, कॅलेंडरवरही मिळतात.

नऊ सकाळी या चित्रात गेल्या. कंबर धरलीय, डाव्या डोळ्याची आग होतेय, आणि कुणाला म्हणून पडलेली नाही. जाऊ दे.

उजेडही चुकीचाच निवडला. जूनमधला ढगाळ उजेड मला आवडतो, सावल्या मऊ येतात, कौलांचे रंग भरतात. पण पोट त्यातच लपतं. फुगवटा दिसायला भिंतीला घासून जाणारं ऊन लागतं. पुण्यात मेच्या मध्याला भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा ऊन भिंतीवरून सरळ खाली घसरतं आणि पोटाच्या खाली सावलीची पट्टी पडते. फोटोवाले ज्या उन्हाला नावं ठेवतात, ते भिंत तपासायला सगळ्यात प्रामाणिक. जुलैच्या शेवटी सूर्य परत तिथेच येतो, पण तेव्हा ढग. म्हणजे पुढचा मे. तोवर वाडा... असो.

आज बारा जुलै. काकूंनी नेहमीप्रमाणे १९६१ काढलं. पानशेत धरण फुटलं त्याचं पाणी त्यांच्या जिन्याच्या कितव्या पायरीला लागलं होतं, हे त्या अजून हात लावून दाखवतात. मी ऐकत होते ते भिंतीसाठी. पुरानंतर खालचा भाग सिमेंटने सांधला, वरचा तसाच पांढऱ्या मातीचा राहिला. भिंत दोन पदरांची, मध्ये माती आणि खडी. तुटक्या पन्हळीतून पाणी वरून आत शिरतं, माती धुपत खाली बसते, सिमेंटपाशी आलं की पाण्याला वाट मिळत नाही. बाहेरचा पदर ढकलला जातो. पोट बरोबर त्या सांध्याच्या वरच आहे. छप्पर अजून पडलं नाही, कारण भार भिंतीवर नाही, सागाच्या खांबांवर आहे. त्या खांबांचीही कथा वेगळी नाही: ओसरीत नवी शहाबादी फरशी घातली तेव्हा जमीन तीन इंच वर आली, खांबांखालचे दगडी तळखडे बुडाले आणि लाकडाचे पाय ओलीत आले. सुरी टोचली तर अर्धा इंच आत जाते. विश्रामबागवाड्याचे सुरूच्या झाडासारखे सुरूदार खांब सगळे चित्रात काढतात, तळखडा कोणी काढत नाही. मीही नाही काढला, कुंडी आड आली म्हणून.

पॅरिसचा फोटोग्राफर आत्जे आठवला. जुनं पॅरिस पाडलं जाण्याआधी १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचांवर त्याने ते टिपलं आणि "कलावंतांसाठी दस्तऐवज" म्हणून विकलं. कॅमेरा वाकवायचा नाही, समतल ठेवून लेन्सच वर सरकवायची, म्हणजे उभ्या रेघा उभ्या राहतात. कधीकधी लेन्स इतकी वर सरकवली की तिचा उजेड चित्राच्या वरच्या कोपऱ्यांपर्यंत पोचला नाही. त्याच्या बऱ्याच फोटोंचे वरचे कोपरे काळे आहेत, आणि त्याने ते तसेच ठेवले. भिंतीला हात न लावता स्वतःच्या कोपऱ्यांवर निभावलं. मी उलटं केलं: माझे कोपरे लख्ख, भिंत खोटी.

तासाभरापूर्वी ब्लेड घेऊन बसले होते. जाड कागद आहे, एकदा खरवडणं सोसतो. पण खरवडलं की तंतू उठतात आणि त्यावर शाई फुटते. आधी नखाने घोटून घ्यावं लागतं. एक इंच केलं आणि थांबले. कड बाहेर घेतली की सज्ज्याची तुळई हलवायला हवी, तुळई हलली की कठडा, मग तिन्ही खिडक्या. २ मिलिमीटरने सगळा वाडा उसवला. खऱ्या वाड्यातही हेच चालू असणार, फक्त जरा सावकाश. हसू आलं.

नवा कागदच घेते. कॅलेंडरचं चित्र काकूंना देऊन टाकते, त्यांना आवडलंय. वाड्याचा जरा तरुणपणीचा फोटो समजा. नव्यात पट्टी फक्त क्षितिजाला आणि ओळंब्याला, बाकी सगळं मोकळ्या हाताने. फोटोही परत: या खेपेला ओळंबा फ्रेममध्येच हवा, भिंतीच्या कडेला लागून, आणि सॉफ्टवेअरला तोच दाखवायचा. दोरा गवंड्याचा केशरी, पांढरा चुन्यात हरवतो. गल्लीत वारा फार, गोळा डोलत राहतो. तो पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून सोडायचा, तळाला टेकू न देता, म्हणजे स्थिर होतो.

सकाळी सातला. नळाला पाणी साडेसहालाच येतं, बादली काकू भरून ठेवणार आहेत.