रिकाम्या गाडीची फेरी

"या वर्षी प्रेसिडेंट कुठे निवडायचाय? मग तुम्ही मतदानाला कशाला निघालात?"

हा प्रश्न मला इथे अमेरिकेत मराठी मंडळाच्या गणपतीत पुऱ्या लाटताना विचारला गेलाय, मुलाकडे सहा महिने राहायला आलेल्या एका आजोबांनी बागेत फिरताना विचारलाय, आणि परवा योगाच्या वर्गात शेजारच्या चटईवरून आला तेव्हा शवासन चालू होतं, म्हणून मी नुसती हुंकारले. तुम्ही विचारलंत म्हणून उत्तर देते, पण थोडं लांबेल.

आधी शब्दाचा घोळ. आपल्याकडे 'मध्यावधी' म्हटलं की सरकार गडगडलं, लोकसभा मुदतीआधी बरखास्त झाली, 1971 किंवा 1980 सारखं. फोनवर मी एकदा आईला म्हटलं, "इथे आता मध्यावधी आहेत," तर ती घाबरून म्हणाली, "अगं बाई, पडलं का तुमचं सरकार?" इथे काही पडलेलं नसतं. राष्ट्राध्यक्षाच्या चार वर्षांच्या मधोमध, नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी ही निवडणूक ठरल्याप्रमाणे येते. प्रतिनिधीगृहाच्या सगळ्या 435 जागा आणि सेनेटच्या साधारण एक तृतीयांश. शिवाय 36 राज्यांचे गव्हर्नर. आमच्या ओहायोत तर गव्हर्नर, अ‍ॅटर्नी जनरल, ऑडिटर, ट्रेझरर, सेक्रेटरी ऑफ स्टेट (हा राज्याचा, परराष्ट्रमंत्री नव्हे) हे सगळे मध्यावधीतच निवडले जातात, वर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे काही न्यायाधीश. मतपत्रिका कसली, लग्नाच्या याद्यांसारखी लांबलचक असते.

आणि एवढं सगळं असून लोक येत नाहीत. 2020 ला देशातल्या पात्र मतदारांपैकी साधारण दोन तृतीयांश लोकांनी मत दिलं होतं. 2018 च्या मध्यावधीत निम्म्यांनी दिलं तर विक्रमच झाला म्हणून कौतुक. 2014 ला जेमतेम 36-37 टक्के. आमच्या गावात ग्रामपंचायतीला मुंबईहून एसट्या भरून लोक यायचे आणि लोकसभेला तेच लोक "बघू" म्हणायचे. इथे बरोबर उलटं. निवडणूक जितकी घराजवळची, तितके मतदार कमी.

2014 ला न गेलेल्यांत मीही होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं उपदेशासारखं वाटायला नको. 2011 ला नागरिकत्वाची शपथ घेतली, 2012 ला नवी कोरी साडी नेसून राष्ट्राध्यक्षासाठी मत दिलं, 'आय व्होटेड'चा स्टिकर फ्रिजवर चिकटवला. आणि दोन वर्षांनी त्या मंगळवारी संध्याकाळी मंडळाच्या एकांकिकेची तालीम होती. माझी भूमिका मोलकरणीची, तीन वाक्यं. तालमीला गेले.

2015 मध्ये पिझ्झाच्या कूपनांच्या गठ्ठ्यात एक कार्ड आलं. तुम्ही याच पत्त्यावर राहता का, कळवा, टपालखर्च आमचा. कचऱ्यात जाणारच होतं. नवऱ्याला सरकारी कागद फेकायची भीती वाटते (त्याचे वडील तलाठी होते), म्हणून त्याने सही करायला लावून ते परत पाठवलं. ते कार्ड काय होतं, हे मला तीन वर्षांनी कळलं.

ओहायोतल्याच अ‍ॅक्रनजवळ राहणारे लॅरी हार्मन नावाचे एक गृहस्थ, पूर्वी नौदलात होते. 2004 आणि 2008 ला त्यांनी मत दिलं. पुढे कोणीच उमेदवार पटला नाही म्हणून गेले नाहीत. 2015 ला राज्यातल्या एका प्रश्नावर मत द्यायला केंद्रावर गेले तर यादीत नाव नाही. घर तेच, पत्ता तोच. ओहायोची पद्धत अशी होती, की दोन वर्षं मतदान केलं नाही तर हा माणूस दुसरीकडे गेला असेल अशी शंका घेऊन कार्ड पाठवायचं. त्याला उत्तर नाही आणि पुढची चार वर्षंही मतदान नाही, तर नाव काढायचं. हार्मन म्हणाले, असं कार्ड आल्याचं मला आठवत नाही. खटला वॉशिंग्टनपर्यंत गेला आणि जून 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ओहायोची पद्धत कायद्यात बसते असा निकाल दिला.

त्या दिवशी मी नानांना फोन केला. नाना म्हणजे माझे वडील. त्यांना अमेरिकेच्या राजकारणात काडीचा रस नाही, पण सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "म्हणजे वहिवाटीसारखंच की."

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या रानाला जायला शेजाऱ्याच्या बांधावरून गाडीवाट होती, आजोबांच्या आधीपासूनची. विहिरीचं काम निघालं म्हणून दोन वर्षं नाना कालव्याच्या कडेने लांबून जायला लागले. तिसऱ्या वर्षी उसाला गाडी घेऊन गेले, तर वाट नांगरून तिथे हरभरा उगवलेला. "तुम्ही कुठं वापरत होता?" शेजारी अगदी निरागसपणे म्हणाला. मग मामलेदाराकडे अर्ज, सर्कलचा पंचनामा. बांधाच्या दगडावर गाडीच्या आखाने पडलेले ओरखडे सापडले, त्यावर वाट परत मिळाली. पण दीड वर्ष गेलं, आणि त्या साली ऊस मोळ्या बांधून डोक्यावरून बाहेर काढावा लागला. पुढे नानांनी एक नेम धरला. रानात काम असो नसो, महिन्यातून एकदा रिकामी बैलगाडी त्या वाटेने फिरवून आणायची. आम्ही पोरं मागे पाय सोडून बसायचो. आम्हाला ती फुकटची सैर वाटायची.

मध्यावधीला मी जाते ती अशी.

पण एवढ्यावर भागत नाही, कारण वाट नांगरली जाते ती फक्त आपल्या आळसामुळे नाही. नांगर कोणाच्या हातात आहे, हेही मध्यावधीतच ठरतं. भारतातल्या लोकांना हे सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही: इथे आपल्यासारखा निवडणूक आयोग सगळीकडे निवडणुका घेत नाही. ओहायोत निवडणुकीचे नियम लावतो सेक्रेटरी ऑफ स्टेट, आणि तो स्वतः पक्षाच्या तिकिटावर निवडून येतो. म्हणजे पंच हा एका संघाचा खेळाडू. 2004 ला आमचे सेक्रेटरी होते केन ब्लॅकवेल. तेच राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या ओहायोतल्या प्रचार समितीचे सहअध्यक्षही होते. त्या सप्टेंबरात त्यांनी आदेश काढला, की मतदार नोंदणीचा अर्ज 80 पौंडी जाड कागदावर नसेल तर चालणार नाही. टपालात पातळ कागद फाटतो, असं कारण. बोंबाबोंब झाल्यावर आदेश मागे घेतला. पण मतदानाच्या दिवशी राज्याच्या राजधानीत, कोलंबसमध्ये, लोक तासन् तास रांगेत होते, आणि केनियन कॉलेजात काही विद्यार्थी दहा तासांच्या वर उभे राहिले. ब्लॅकवेल निवडून आले होते ते 1998 आणि 2002 च्या मध्यावधीत. 2004 ला रांगेत तिष्ठणाऱ्यांतल्या किती जणांनी 2002 ला दांडी मारली असेल, हा हिशेब मी मनातल्या मनात नेहमी करते.

आता मुदतीआधी मतदान करता येतं, तो त्या रांगांचाच परिणाम. पण त्यातही गंमत आहे. प्रत्येक काउंटीला (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखंच) असं केंद्र एकच. फ्रँकलिन काउंटी, जिथे कोलंबस आहे, तिची वस्ती 13 लाखांवर. व्हिंटन काउंटीची 13 हजारांच्या आत. दोघींना केंद्र एकेकच. हे ज्यांनी ठरवलं ते विधिमंडळही दर दोन वर्षांनी आपण निवडतो, किंवा न जाऊन दुसऱ्यांना निवडू देतो.

अमेरिकेच्या दक्षिणेत तर काळ्या लोकांसाठी हा इतिहास रक्ताचा आहे. साक्षरतेच्या परीक्षा, मतदानासाठी कर, मतदानाचा हक्क मागणाऱ्यांवर सेल्मा गावाच्या पुलावर झालेला लाठीमार, आणि त्यानंतर 1965 चा मतदान हक्क कायदा. ज्या राज्यांचं पूर्वचरित्र वाईट त्यांनी नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यायची, ही त्यातली अट सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालाने निकामी झाली. 2021 ला जॉर्जियाने कायदा केला: मतदान केंद्राच्या 150 फुटांच्या आत रांगेतल्या मतदाराला खायला-प्यायला काही द्यायचं नाही. लाच होऊ नये म्हणून म्हणे. वारीत पाणपोया घालणाऱ्या मुलखातून मी आलेली. पाण्याच्या पेल्याला लाच म्हणायची कल्पना माझ्या गळी उतरत नाही.

यावर मंडळातले एक काका नेहमी म्हणतात, "ओळखपत्र मागितलं तर बिघडलं काय? भारतात नाही का मागत?" मागतात, आणि मला त्यात गैर वाटत नाही. मेलेल्यांची नावं यादीतून काढण्यातही नाही. पण भारतात मतदाराचं कार्ड आयोगच देतो, यादीचं काम बघणारा बीएलओ घरी येऊन जातो, केंद्र दोन किलोमीटरच्या आत असावं असा दंडक आहे, आणि त्या दिवशी सुट्टी असते. इथे मंगळवार, कामाचा दिवस, आणि तुमच्या दारात कुणी येणार नाही. यात एक खाच आपल्याच लोकांसाठी आहे. 2023 पासून ओहायोत मतदानाला फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, आणि नागरिक नसलेल्यांच्या लायसन्सवर तसा शिक्का येतो. समजा तुम्ही ग्रीन कार्डावर असताना लायसन्स काढलंत आणि पुढच्या वर्षी शपथ घेतलीत. तुम्ही नागरिक झालात, लायसन्स झालं नाही. केंद्रावर अडलात तर वाद घालत बसावं लागेल. म्हणून शपथविधीनंतर पेढे वाटण्याआधी लायसन्स बदला, असं मी प्रत्येक नव्या नागरिकाला सांगते. आणि जे अजून ग्रीन कार्डावर किंवा एच-वनवर आहेत त्यांनी, बाबांनो, लायसन्सच्या खिडकीवर कुणी सहज पुढे केला तरी मतदार नोंदणीच्या फॉर्मवर सही करू नका. देशाबाहेर जायची वेळ येते.

आपल्या लोकांना हा हक्क काही आयता मिळालेला नाही. 1923 ला भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की भारतीय माणूस 'गोरा' नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. ज्यांना नागरिकत्व आधी मिळालं होतं अशांचंही काढून घेतलं. दार उघडलं ते 1946 मध्ये. 2022 च्या मध्यावधीत बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार डेट्रॉईटमधून प्रतिनिधीगृहात गेले. (डेट्रॉईट मिशिगनमध्ये येतं, आणि फुटबॉलच्या दिवसांत कोलंबसमध्ये मिशिगनचं नाव जपून घ्यावं लागतं, म्हणून इथेच थांबते.)

"पण एका मताने काय होतं?" हा तुमचा पुढचा प्रश्न मला पाठ आहे. व्हर्जिनियात 2017 ला, मध्यावधीही नव्हे, नुसत्या राज्य विधिमंडळाच्या निवडणुकीत, एका जागेवर दोन्ही उमेदवारांना 11,608 मतं पडली. मग आपल्या ग्रामपंचायतीत करतात तेच केलं. फोटोच्या रिळाच्या दोन डब्या, त्यात एकेक नाव, आणि एक चिनीमातीचं भांडं. जी डबी निघाली तिच्यावर सभागृहातलं बहुमत ठरलं. त्या मतदारसंघात त्या दिवशी कुणाची तरी तालीम असणारच.

2022 ला मी केंद्रावर कामही केलं. पहाटे साडेपाचला हजर, साडेसहाला दार उघडायचं, संध्याकाळी साडेसातला बंद. माझ्या टेबलाला जोडीदार म्हणून दुसऱ्या पक्षाच्या एक आजी, शेतकऱ्याच्या विधवा. दोन पक्षांची माणसं जोडीने बसवायची, असा इथला कायदाच आहे. निवडणूक बोर्डाच्या कचेरीत मतपत्रिकांच्या खोलीला दोन कुलपं आणि किल्ल्या दोन पक्षांकडे. आजींनी झुकिनीचा ब्रेड आणला होता, मी दिवाळीतल्या उरलेल्या शंकरपाळ्या. त्यांना त्या फार आवडल्या, पण माझं कुठलंही राजकीय मत त्यांना आवडलं नसतं, आणि त्यांचं मला. दुपारी एक माणूस आला आणि आमच्याकडे फोन रोखून "इथे काय चालतं ते मला माहितीये" म्हणत शूटिंग करायला लागला. आजी उठल्या, त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाळ, मत द्यायचं असेल तर रांग तिकडे आहे." तो गेला. त्यांचे हात नंतर बराच वेळ थरथरत होते, यादीवर रेघ सरळ येत नव्हती.

अटलांटाच्या रुबी फ्रीमन आणि शे मॉस या मायलेकींचं मला तेव्हा आठवलं. 2020 च्या मतमोजणीत त्यांनी घोटाळा केला, असा खोटा आरोप झाला आणि आईला स्वतःचं घर सोडून राहावं लागलं. पुढे ज्यूरीने त्या मायलेकींना 14 कोटी 80 लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. पण कोण येणार आहे तासांवर मोजलेल्या पैशांत हे काम करायला? आमच्या केंद्रावरच्या निम्म्या बायका सत्तरीच्या पुढच्या होत्या.

तर योगाच्या वर्गातल्या बाई, 2026 ची मध्यावधी 3 नोव्हेंबरला आहे. यादीत नाव आहे का ते सप्टेंबरातच बघून ठेवा. नोंदणी महिनाभर आधी बंद होते. मी सकाळी सव्वासहाला निघते, गाडीत तीन जागा रिकाम्या असतात. लायसन्स तेवढं बरोबर घ्या. नवंच आहे ना?