जार, यार आणि प्राणसखा

गुरुवारी प्रुफं आली. मध्ययुगीन इंग्रजीतल्या निवडक वेच्यांचा संग्रह, अनुवाद माझा. १३व्या शतकातल्या धार्मिक गद्यापाशी आले आणि अंगावर काटा आला. ख्रिस्ताला आळवणारी व्रतस्थ बाई म्हणत होती, ‘माझ्या जारा’. मी लिहिलं होतं ‘माझ्या प्राणसख्या’.

मूळ शब्द ‘लेमन’. लिंबाशी त्याचं काही नातं नाही. ‘लेओफ’ म्हणजे प्रिय आणि ‘मन’ म्हणजे माणूस, मग बाई असो वा पुरुष. बोलता बोलता मधला ‘फ’ गळाला. सुरुवातीला देवालाही चालणारा हा शब्द पुढे चोरट्या प्रेमालाच उरला.

संपादकांचा नियम असा, की एका शब्दाला एकच प्रतिशब्द. तक्त्यात ‘लेमन’पुढे ‘जार’ लिहिलं आणि दोन्ही वेच्यांत तेच बसवलं. कोश उघडायचा आणि शेवटचा अर्थ तेवढा उचलायचा, या सवयीचा मला मनापासून राग येतो.

दुसरा वेचा चौदाव्या शतकातल्या इंग्रज कवी चॉसरचा. तिथे माझा शब्द होता ‘यार’, आणि तो मी चार दिवस घोळवून निवडला होता. गोष्ट सांगणारा आहे वकिलांच्या संस्थेचा किराणा भरणारा कारभारी. फीबसच्या, म्हणजे अपोलो देवाच्या, बायकोनं आपल्या ‘लेमन’ला बोलावणं धाडलं, असं म्हणतो आणि थबकतो: हा हलकट शब्द तोंडून गेला, माफ करा. मग सुनावतो, की बड्या घरची बाई चुकली तर ती प्रियकराची ‘लेडी’, गरीब बाई चुकली की ‘लेमन’. करणी दोघींची एकच. इथे ‘जार’ कसा चालेल? तो पोथीतला शब्द, त्याबद्दल कोण माफी मागेल? ‘तिचा यार’ म्हटलं की चारचौघांत माना खाली जातात.

संध्याकाळपर्यंत भांडून दोन्ही शब्द परत मिळवले. पण तळटीपा द्यायच्या नाहीत असं ठरलेलं आहे. म्हणजे प्राणसखा आणि यार मुळात एकच शब्द होता, हे वाचकाला कळणारच नाही. ‘लेओफ’ आणि आपला ‘लोभ’ एकाच मुळाचे. ‘लोभ असावा’ म्हणून पत्र संपवणारे आपण त्याच लोभाला षड्रिपूंतही बसवतो. पण माणसाला हाक मारायला तो चालत नाही. रविवारपासून तिसरा शब्द शोधते आहे, दोन्ही पानांवर बसेल असा.