टायमिंग बेल्ट घरी बदलता येतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, हो, येतो, मी दोनदा बदललाय. पण विचारणाऱ्या बहुतेकांना खोलाखोलीची भीती वाटते. ती नको. वेळ खाते, एवढंच. इंजिनला धरून ठेवणारं माउंट काढायचं तर इंजिनखाली जॅक आणि मध्ये लाकडाचा ठोकळा हवा, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) त्याच्या पुलीचा बोल्ट जाम घट्ट असतो, अर्धा दिवस त्यातच गेला तरी जाऊ दे. भीती बाळगायची ती बेल्ट बसवताना जुळवायच्या खुणांची.

क्रँक दोन फेरे फिरतो तेव्हा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एक फिरतो, आणि हा मेळ त्या दात्यांच्या पट्ट्यावर, म्हणजे टायमिंग बेल्टवर टिकून असतो. बऱ्याच इंजिनांत वर आलेला पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह यांची जागा एकच, फक्त वेळ वेगळी, त्यामुळे चालत्या गाडीत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतात आणि खर्च कुठल्या कुठे जातो. म्हणून जुना बेल्ट काढायच्या आधीच पहिला पिस्टन वर आणून क्रँक आणि कॅम दोन्हीकडच्या खुणा जुळवायच्या, फोटो काढून ठेवायचे.

पहिल्या वेळी मी हे सगळं केलं, नवा बेल्ट चढवला, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) सोडला, खुणा बरोबर दिसत होत्या. मग क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन ज्या दिशेनं चालतं त्याच दिशेनं हातानं दोन पूर्ण फेरे दिले, तर कॅमची खूण एक दात मागे! टेन्शनर नसलेल्या बाजूला थोडी ढील राहिली होती, फिरवताना ती ओढली गेली. परत काढला, क्रँकपासून सुरुवात करून ती बाजू ताठ धरत चढवला, सगळी ढील टेन्शनरकडे येऊ दिली, आणि जुळलं.

हे दोन फेरे हातानंच, स्टार्टर मारून बघायचं नाही. स्पार्क प्लग काढले की हलकं फिरतं. मध्येच अडलं तर जोर लावू नका, थांबा, कदाचित व्हॉल्व्हच टेकला असेल.

आणि एवढं उघडलंच आहे तर टेन्शनर, आयडलर (बेल्टला वाट दाखवणारी पुली), बेल्टवर चालणारा वॉटर पंप असेल तर तोही आत्ताच बदला, ऑइल सील गळत असेल तर तेही, कारण तेल लागलं की नवा बेल्टही खराब होतो. किती किलोमीटरला बदलायचा ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, सोबत वर्षंही दिलेली असतात, गाडी कमी चालली तरी ती मोजायची.

दुसऱ्या वेळी खुणा पहिल्या दोन फेऱ्यांतच जुळल्या होत्या. तरी मी अजून दोन दिले.