दोन वाजताचा डिस्चार्ज

श्रावण होता आणि तीन दिवस पावसाने उसंत दिली नव्हती. नाशिकच्या एका रुग्णालयात मी पुरुष वॉर्डला सिस्टर आहे. सकाळच्या राउंडला डॉक्टर फाइलवर सही करत मला म्हणाले, "सहा नंबर, दोन वाजता डिस्चार्ज."

दहा मिनिटांनी पाहते तर सहा नंबरचे बाबा सलाईनची सुई उपसून खाटेखाली चपला शोधताहेत. चादरीवर रक्त.

"बाबा, कुठे निघालात?"

"दोनला डिस्चार्ज म्हणाले ना? गंगापूर धरणाचा. पोरगा गावाला गेलाय. रामकुंडावरची टपरी कोण हलवणार, ताई?"

कापसाचा बोळा दाबून धरताना माझाच हात थरथरत होता. त्यांचं काय चुकलं? २०१९ च्या पुरात त्यांची आधीची टपरी गेली होती. गोदाघाटावर धंदा करणाऱ्याला पावसाळ्यात या शब्दाचा एकच अर्थ. किती क्युसेक सोडलं, म्हणजे सेकंदाला किती घनफूट, ते ऐकायचं, नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी चढलं ते बघायचं आणि सामान बांधायचं.

मुळात हा शब्द गाडीवरचं ओझं उतरवण्याचा. आता बॅटरी डिस्चार्ज होते, कोर्टातून आरोपी डिस्चार्ज होतो, जखमेतूनही डिस्चार्ज येतो. पूर्वी बायकांच्या ओपीडीत असताना एका शिकाऊ मुलीने विचारलं होतं, "डिस्चार्ज होतो का?" बाई म्हणाली, "मला कुठं अ‍ॅडमिट केलंय?" तिला "अंगावरून पांढरं जातं का?" असं विचारल्यावर मान खाली घालून "हो" म्हणाली. महिनोन्‌महिने अंगावर काढलेलं दुखणं तेव्हा कळलं.

धरणाच्या पाण्याला आपल्याकडे विसर्ग हा नेमका शब्द आहे, विसर्जनाच्याच धातूतला. बोलताना मात्र पाणीही सोडतात आणि पेशंटलाही सोडतात. पण 'सोडणार' म्हटलं की कोणाला, कुठे, हे सांगावंच लागतं. मला तेवढंच हवं असतं.

मी बाबांच्या शेजारी बसले. "बाबा, दोन वाजता तुम्हाला घरी सोडणार आहेत."

"आणि धरणातून?"

मी त्यांच्याच फोनवरून शेजारच्या फुलवाल्याला फोन लावून दिला. टपरी त्याने पहाटेच वर ओढून ठेवली होती.